छातीपर्यंतचे सुभेदार

नाथाजी सुभेदार व्हिडिओवरच्या डॉक्टरीचं एवढं गुणगान करायचे, की ऐकणाऱ्याला वाटावं, या माणसाला त्या फोननेच मरणाच्या दारातून ओढून आणलंय. सोसायटीच्या ओट्यावर म्हणू नका, सलूनच्या बाकड्यावर म्हणू नका, चार डोकी दिसली की यांनी विषय काढलाच. सांगलीच्या दवाखान्यातली डॉक्टरीण महिन्याच्या महिन्याला फोनवर येते, समोरासमोर बोलते, औषध लिहून पाठवते. एसटीत उभं राहणं नाही, नंबर लावून ताटकळणं नाही. घरच्या सोप्यात खुर्ची टाकायची, समोर फोन उभा करायचा, झाली तपासणी.

हे सगळं खरंच होतं. पण सुभेदारांना ही डॉक्टरी आवडायचं खरं कारण वेगळं होतं, आणि ते त्यांनी कुणाच्या बापाला सांगितलं नसतं. फोनमधल्या डॉक्टरला हात नसतात. ती दाबून बघत नाही, वास घेत नाही, बूट काढा म्हणत नाही. तिला दिसतं ते तुम्ही दाखवाल तेवढंच, आणि सुभेदार दाखवायचे छातीपर्यंत.

कुंडलच्या अलीकडे, उसाच्या रानात बसलेलं त्यांचं गाव. घरटी एक माणूस पलटणीत आणि एक माणूस फडात, अशी तिथली वाटणी. नाथाजी नायब सुभेदार म्हणून निवृत्त होऊन आले. त्यातला नायब कराड स्टेशनावर उतरताना गाडीतच राहिला, असं मल्हारतात्या म्हणायचे. मल्हारतात्या म्हणजे सुभेदारांचा बालमित्र, वर्गातला आणि आता बांधाला बांध लागून असलेला, त्यामुळे दोघांचं पटण्याचा प्रश्नच नव्हता. मुलगा धैर्यशील पुण्यात कंपनीत. घरी सुभेदार आणि त्यांची बायको गोदावरी, दोघंच. वडिलांची साखर वाढलेली निघाली तेव्हा धैर्यशीलनेच सांगलीच्या दवाखान्यात नाव घातलं आणि फोनवर ते बटण कुठलं दाबायचं ते दोघांना शिकवून गेला.

आता डॉक्टरला घाबरायचं म्हणजे या माणसाने सरहद्दीवर काय केलं असेल, असं कुणी विचारेल. तसं नाही. गोळीला भिणारा गडी नव्हता तो. पण पलटणीत दरवर्षी वैद्यकीय तपासणी असते, आणि तिच्यात 'शेप वन' लिहून आलं की माणूस नखापासून केसापर्यंत धडधाकट. ते एक घसरलं की बढती अडली, चांगली नेमणूक गेली, आणि मेसमध्ये लोक हळूच कड बदलून बसायला लागले. नाथाजींच्या बरोबर तासगावकडचा गुंडा नावाचा एक हवालदार होता. सरळ माणूस. डॉक्टरसाहेबांनी विचारलं, कुठे दुखतं का, तर हा म्हणाला, गुडघा दुखतो साहेब. झालं. गुंडाची कॅटेगरी उतरली, त्याच्या मागचे पुढे गेले, आणि गुंडा गुडघा चोळत घरी आला. त्या दिवसापासून नाथाजींनी गाठ मारून ठेवली. डॉक्टरने काही विचारलं की छाती पुढे, हनुवटी वर आणि उत्तर एकच, "सब ठीक है, साब." कावीळ झाली तेव्हासुद्धा डोळे पिवळे दिसू नयेत म्हणून त्यांनी वर छताकडे बघत हेच उत्तर दिलं होतं, आणि ही गोष्ट ते अजून मोठ्या अभिमानाने सांगायचे.

तर असा हा शेप वन. साखर निघाली त्याचंही त्यांना फार काही वाटलं नव्हतं, कारण साखर काही चेहऱ्यावर दिसत नाही. मध्यंतरी पायांना मुंग्या यायच्या. रात्री तळव्यात चुरचुरायचं. हे ते कुणाला बोलले नाहीत. मग एके दिवशी मुंग्या यायच्या बंद झाल्या, आणि सुभेदारांनी स्वतःच स्वतःला बरं झाल्याचं जाहीर करून टाकलं. पाय बरा झाला नव्हता, तो बधिर झाला होता. पण हे त्यांना सांगणार कोण, आणि मुळात विचारलं होतं कुणाला?

पंधरा ऑगस्टला त्यांनी पलटणीतले जुने बूट काढले, पॉलिश करून आरशासारखे केले आणि ग्रामपंचायतीसमोर झेंड्याला सलामी दिली. बूट जुने, पाय सुजलेला. उजव्या अंगठ्याच्या बाजूला सालटं निघालं. दुसऱ्या कुणाला असतं तर घरी येईपर्यंत लंगडला असता. सुभेदार ताठ चालत आले आणि मोजा काढल्यावर त्यांना रक्त दिसलं. दुखत तर नाही, मग काय! गोठ्याच्या मागे जाऊन त्यांनी हळद भरली, जुन्या धोतराची चिंधी बांधली आणि विषय संपवला. जखमेने मात्र विषय संपवला नाही. गौरी-गणपती झाले, दसरा आला, चिंध्या बदलत राहिल्या.

गोदावरीला हे कळायला वेळ लागला नाही. आधी तिला कोपऱ्यात ठेवलेल्या बुटांत मुंग्या दिसल्या. मग गोठ्यामागे पिवळी चिंधी सापडली. तिने संध्याकाळी चहा देताना विषय काढला, की पायाला झालंय काय, दाखवा तरी. सुभेदारांनी तिला विचारलं, तू मेडिकल ऑफिसर कवापासनं झालीस? ती म्हणाली, मग ऑफिसरला तरी दाखवा. त्यावर त्यांनी चहा अर्धा ठेवून बाहेरचा रस्ता धरला. धैर्यशीलला फोन करीन म्हटलं तर, लेकराला तिकडे कामात त्रास द्यायचा न्हाई, अशी सक्त ताकीद मिळाली. गोदावरीचं स्वतःचंही काही बरं नव्हतं. माडीवर वाळवण घालायला जाताना ती अर्ध्या जिन्यात थांबायची, भिंतीला हात लावून उभी राहायची, आणि खाली खुर्चीत बसलेले सुभेदार म्हणायचे, "काय गं रंगरूट, एवढ्यात दम संपला?" ती हसल्यासारखं करायची आणि श्वास जमला की वर जायची.

दर महिन्याच्या त्या तपासणीचा थाट तर बघण्यासारखा असे. सकाळी घोटून दाढी. इस्त्रीचा पांढरा शर्ट, त्यावर पलटणीचा टाय. मागे कुठली भिंत दिसावी यावर विचार होऊन शेवटी पदकांच्या चौकटीची भिंत मुक्रर झालेली. खुर्ची अशी टाकायची, की पदकं उजव्या खांद्यावर यावीत. आणि खाली? खाली गुडघ्यापर्यंत ओढलेला पट्ट्यापट्ट्याचा लेंगा आणि चिंधी बांधलेला पाय. गोदावरीने कॅमेऱ्याच्या बाहेर, उंबऱ्यापाशी बसायचं. तपासणी चालू असताना मध्ये सिव्हिलियनने बोलायचं नाही, असा नियम होता. दोन दिवस आधीपासून सुभेदार नुसत्या भाकरीवर राहायचे, म्हणजे साखरेचा आकडा शिस्तीत यायचा. डॉक्टर प्रियदर्शनी तरुण पोर, पण कामाला चोख. ती दर वेळी न चुकता विचारायची, पायाला जखम, फोड, काही? रोज पाय बघता ना? आणि सुभेदार खुर्चीतल्या खुर्चीत सावधान होऊन म्हणायचे, "सब ठीक है, मॅडमसाब." ती बिचारी म्हणायची, माझे सगळे पेशंट तुमच्यासारखे पाहिजेत. हे वाक्य सुभेदारांनी गावभर फिरवलं होतं.

गावाचा मात्र या डॉक्टरीवर काडीचा विश्वास नव्हता. गावाच्या हिशेबाने डॉक्टर म्हणजे तो, जो नाडी धरतो, जीभ बघतो आणि कमरेत सुई टोचतो. सुई नाही तर गुण कसा येणार? आणि त्यातून सलाईन लावलं तर तो देवमाणूस. मल्हारतात्यांचं म्हणणं, बैल घ्यायचा तरी दात मोजून, शेपूट उचलून बघतो आपण. आणि माणूस तपासायचा तो काचेतनं? हेच मल्हारतात्या मोबाईलवर आलेलं बघून सकाळी उपाशीपोटी कारल्याचा रस प्यायचे, कुठल्याशा अनोळखी बुवाने सांगितलं म्हणून घुशीच्या बिळातली माती गुडघ्याला फासायचे. काचेतला बुवा चालतो, काचेतला डॉक्टर चालत नाही. बायकांची अडचण निराळी होती. घरात फोन एक, तो नवऱ्याच्या खिशात, आणि बोलायचं ते त्याच्यासमोर. मग दुखतं पोटात आणि सांगायचं डोकं. या अडचणीवर मात्र ओट्यावर कधी चर्चा झाली नाही, कारण ओट्यावर बायका बसत नाहीत.

दवाखान्याला आता गावात ही सोय कायमची करायची होती. महिन्यातून दोनदा देवळात फोन-पडदा लावायचा, ज्याला पाहिजे त्याने बसावं. त्यासाठी दवाखान्याची साक्षी नावाची मुलगी सरपंचांना भेटली. सरपंच म्हणाले, आमची माणसं बघितल्याशिवाय विश्वास ठेवत नाहीत, सगळ्यांसमोर एक तपासणी करून दाखवा. पेशंट कोण? हा काय प्रश्न झाला? सुभेदार! त्यांच्यासारखा पेशंट पंचक्रोशीत नाही, हे खुद्द डॉक्टरनेच सांगितलेलं. शिवाय सरपंचांनी त्यांना मोठं गाजर दाखवलं होतं. येत्या सव्वीस जानेवारीला ग्रामपंचायतीचा झेंडा सुभेदारांच्या हातून चढणार होता. सरपंचाने आपला मान सोडून फौजीला द्यायचा, असं गावात पहिल्यांदाच घडणार होतं.

आणि त्या झेंड्यापायीच सुभेदारांचा सगळा खटाटोप होता. पाय दाखवला तर डॉक्टर पहिली गोष्ट काय सांगणार? बूट घालू नका. उभं राहू नका. मग झेंडा काय चप्पल घालून चढवायचा? पलटणीचा माणूस? सव्वीस जानेवारी एकदा झाली, की पाय दाखवायचा आणि मग काय ते होऊ दे, असं त्यांनी मनात ठरवून टाकलं होतं. जखम थांबायला तयार आहे का, हे तिला कुणी विचारलं नव्हतं.

दिवस ठरला. भैरोबाच्या देवळात सभामंडप भरला. देवळाला नुकतीच पांढरी शुभ्र फरशी बसवली होती. दक्षिणेत सोनं-चांदी गाळायची दुकानं असलेल्या गावच्या मंडळींनी वर्गणी काढून. क्रिकेटची मॅच दाखवायचा मोठा पडदा गाभाऱ्याच्या बाजूला लावला होता. पुरुष खुर्च्यांवर, बायका खाली फरशीवर. सुभेदार आले ते ब्लेझर, टाय, छातीवर पदकं आणि पायात आरशासारखे बूट. सगळी तयारी केली होती त्यांनी. दाढी, पदकं, भाकरीचा उपास, काय बोलायचं ते. एकच गोष्ट विसरले होते. देवळात बूट काढावे लागतात.

पायरीशी आले आणि पाय थबकला. गुरव हात जोडून उभा. सुभेदार म्हणाले, ड्युटीवर बूट काढत न्हाईत आमी. मल्हारतात्या आतूनच म्हणाले, भैरोबापुढं कसली ड्युटी लावून घेतलीस गड्या, काढ की. लोक हसले. आता मागे फिरावं तर सगळं गाव बघतंय. सुभेदारांनी वाकून नाड्या सोडल्या. मोजे मात्र ठेवले. काळे, जाड, पलटणीचे मोजे. काळ्यावर काही दिसत नाही, हा त्यांचा होरा. आणि मग हा माणूस गुपचूप चालत जाऊन बसेल की नाही? नाही. सगळं गाव समोर, म्हणून सुभेदार सभामंडपातून संचलन करत गेले. टाच आपटत, हात हलवत, थेट टेबलापर्यंत. टाळ्या पडल्या.

पडद्यावर सांगलीची डॉक्टरीण उमटली आणि शेजारच्या चौकोनात सुभेदार, छातीपर्यंत, पदकांसह, माणसाएवढे मोठे. साक्षीने माईक पुढे केला. प्रियदर्शनीने नमस्कार करून विचारायला सुरुवात केली, झोप कशी, भूक कशी, साखर किती. सुभेदारांनी उत्तरं अशी खणखणीत दिली, की मागच्या खुर्चीवरचा बहिरा म्हातारासुद्धा मान डोलवायला लागला. मल्हारतात्या तेवढे हाताची घडी घालून बसले होते. डॉक्टरने पायांचं विचारलं.

"सब ठीक है, मॅडमसाब."

गोदावरी तेव्हा कुठे देवळाच्या पायऱ्या चढून वर येत होती. सुभेदार पुढे निघून आले होते आणि ती वाटेत दोनदा थांबून, खांबाला धरून, श्वास जमवत सगळ्यात शेवटी पोचली. आत आली तर दाराशी बसलेल्या बायका कुजबुजत होत्या. एक जण पदराच्या टोकाने फरशी पुसायला बघत होती. नव्या फरशीवर कुणी कुंकू सांडलंय बघा, म्हणाली, आणि मग चालणाऱ्यांनी पाय दिलाय त्यावर.

गोदावरीने खाली बघितलं. ठसा होता. अर्ध्या हाताच्या अंतरावर नाही, चांगला ढांगेच्या अंतरावर दुसरा. मग तिसरा. सगळे एकाच पायाचे, उजव्या. कुंकू असतं तर दोन्ही पायांना लागलं असतं. पुरुष सगळे मान वर करून पडद्याकडे बघत होते आणि सुभेदार तिथे ठणठणीत होते. खाली फरशीकडे बघत होत्या त्या फक्त बायका. गोदावरी त्या ठशांच्या कडेकडेने चालत गेली. ती कुणावर रागावली होती म्हणाल तर स्वतःवरच. उंबऱ्यापाशी बसून इतके महिने हे सगळं ऐकून घेतलं, याचा तिला संताप आला होता. टेबलापाशी पोचली, आणि ज्या चौकोनात सिव्हिलियनने यायचं नाही त्या चौकोनात पदर सावरून उभी राहिली.

"मॅडम, ह्ये वरचं झालं," ती म्हणाली. तिला अजून धाप लागलेली होती. "आता खालचं बगा."

सुभेदार तिच्याकडे बघतच राहिले. तोवर तिने स्टँडवरचा फोन काढून खाली धरला होता, आणि दुसऱ्या हाताने त्यांचा मोजा ओढायला घेतला होता. मोजा निघेना. चिकटला होता. ती हळूहळू सोडवत गेली, आणि जे काही गोठ्यामागे, चिंधीखाली, हळदीच्या आत दडवून ठेवलं होतं, ते क्रिकेटच्या पडद्यावर भैरोबाएवढं होऊन गावापुढे आलं. अंगठा काळा पडला होता. कुणीतरी खुर्ची मागे सारली. खुर्च्यांच्या पहिल्या रांगेपर्यंत वास आला तेव्हा मल्हारतात्यांची हाताची घडी सुटली.

"मला दुखत न्हाई," सुभेदार म्हणाले. त्यांचा चेहरा आता पडद्यावर नव्हता, नुसता आवाज येत होता. "खरंच दुखत न्हाई, मॅडमसाब."

"तोच तर आजार आहे, सुभेदारसाहेब," डॉक्टर म्हणाली.

मग ती पोर जी बोलायला लागली ती थांबली नाही. आता एक पाऊल चालायचं नाही. पाय वर उचलून ठेवा. स्वच्छ कोरडा कपडा, हळद नको, चुना नको, काही नको. इथून मला याहून जास्त काही करता येणार नाही, सर्जनने हात लावून बघायला पाहिजे, आणि ते आज. तिने तिथूनच कराडच्या एका दवाखान्यात फोन लावला, नाव सांगितलं, किती खोल वाटतंय ते सांगितलं, गाडी निघतेय म्हणून सांगितलं. सुभेदारांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि अगदी लहान आवाजात एकच विचारलं.

"कॅटेगरी गेली व्हय, साहेब?"

तिला कळलं नाही. गावातल्या निम्म्या माणसांना कळलं, कारण निम्मं गाव पलटणीतून आलेलं. कुणी हसलं नाही. मल्हारतात्या उठले, आणखी तिघांना हाक मारली, आणि चौघांनी मिळून सुभेदारांना प्लॅस्टिकच्या खुर्चीसकट उचललं. पदकं लावलेला, टाय बांधलेला, एका पायात मोजा आणि एक पाय उघडा, असा तो माणूस स्वतःच्याच ठशांवरून दाराबाहेर गेला. बूट पायरीवरच राहिले होते. ते गोदावरीने उचलून घरी नेले नाहीत.

कराडला अंगठा काढला. पाय वाचला. सर्जनने धैर्यशीलला बाजूला घेऊन सांगितलं, की आणखी काही दिवस असेच काढले असते तर बूट घालावे की नाही हा प्रश्नच उरला नसता. धैर्यशीलने वडिलांवर ओरडायचं ठरवलं होतं, पण खाटेवर पडलेला तो माणूस बघून त्याला ओरडता आलं नाही. तो बाहेर येऊन आईवरच ओरडला, मला सांगितलं का नाहीस म्हणून. आया असतात कशाला!

इकडे गावात दोन पक्ष पडले. मल्हारतात्यांचा पक्ष म्हणे, बघा, शेवटी हात लावायलाच कराडला जावं लागलं, व्हिडिओ फेल. सरपंचांचा पक्ष म्हणे, सांगलीत बसून डॉक्टरने बरोबर पकडलं, व्हिडिओ पास. फरशीने पकडलं आणि गोदावरीने दाखवलं, हे दोन्ही पक्षांच्या लक्षात राहिलं नाही. पण देवळातली सोय सुरू झाली आणि चालली. गर्दीसुद्धा व्हायला लागली. फक्त गावाने त्यातून एक शिस्त लावून घेतली, ती साक्षीला अजून मोडता आलेली नाही. खोकल्याचा पेशंट असो, कानाचा असो, खुर्चीत बसला की आधी पाय उचलून कॅमेऱ्यापुढे धरतो. तिने कितीदा सांगितलं, की बाबांनो, जिथे दुखतं ते दाखवा. लोक म्हणतात, तुमाला काय ठावं, सुभेदाराला कुठं दुखत हुतं? बायकांसाठी मात्र तिने एक गोष्ट मनासारखी करून घेतली. मागच्या खोलीत वेगळा फोन लावला आणि दार आतून लावायला कडी बसवली. त्या खोलीपुढची रांग पुरुषांच्या रांगेहून मोठी असते आणि ती बघून ओट्यावरच्या मंडळींना भारी कोडं पडतं, की आपल्या बायकांना एवढं काय होतं.

सव्वीस जानेवारीला झेंडा सुभेदारांनीच चढवला. सरपंच शब्दाला जागले. अंगात ब्लेझर, छातीवर पदकं, आणि पायात दवाखान्याने दिलेल्या, दोन पट्ट्यांच्या, मऊ रबरी चपला. शाळेची पोरं चपलांकडेच बघत होती. सुभेदारांनी सलामी दिली, टाच आपटली नाही.

त्यानंतरच्या महिन्यात नेहमीची तपासणी आली. दाढी झाली, टाय झाला, पदकांची भिंत झाली. पण खुर्ची थोडी मागे सरकवली होती, आणि प्रियदर्शनी पडद्यावर आली तेव्हा तिला आधी दिसला तो स्टुलावर ठेवलेला, चार बोटांचा उजवा पाय, आणि त्याच्या मागे, लांब, सुभेदार. तिने जखम बघितली, बरी भरतेय म्हणाली. साखर विचारली. सुभेदार जरा घुटमळले आणि खरी सांगितली. ती बरी नव्हती. डॉक्टर रागावली नाही, औषध बदललं.

फोन ठेवता ठेवता तिने सहज विचारलं, "आणि काकू कशा आहेत? त्यांना काही त्रास?"

गोदावरी तिच्या जागेवर, उंबऱ्यापाशी बसली होती. तिने तिथूनच हात हलवला. "मला काय धाड भरलीया? सगळं ठीक हाय, मॅडम."

सुभेदारांनी मान वळवून तिच्याकडे बघितलं. मग स्टुलावरचा पाय खाली घेतला, स्टँडवरचा फोन काढला आणि खुर्चीवरून न उठता तिच्याकडे वळवून धरला. ती पदराने तोंड झाकायला लागली, आवं काय करताय म्हणाली. त्यांनी फोन हलवला नाही.

"खोटं बोलती, साहेब," ते म्हणाले. "अर्ध्या जिन्यात थांबती. भिंतीला धरून हुबी राहती. देवळाला येताना मागं ऱ्हायली त्या दिवशी. लय दिवस बगतुया मी." खुर्चीतल्या खुर्चीत ते सावधान झाले. "बगत हुतो, पर रिपोर्ट दिला न्हवता."